पाणी सुटले : कोलाडच्या लाटा आणि मुळशीची बुडालेली गावे

(१)
रायगड जिल्ह्यातील कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग चालते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. काहींनी केलेही असेल. मागच्या हिवाळ्यात मीही वर्गमित्रांबरोबर गेलो होतो. लाइफ जॅकेट बांधून झाले, हेल्मेट चढले, वल्ही हातात आली. आम्ही सगळे तयार होतो; नदी तेवढी तयार नव्हती. पात्रात खडक उघडे पडलेले, मधून पाण्याची एक सुस्त धार. आमचा मार्गदर्शक जवळच्याच गावचा मुलगा. तो निवांत बसून म्हणाला, "घाई नको. पाणी सुटायचंय अजून." काही वेळाने पाणी वाढू लागले. एकेक खडक बुडाला, जिथे तो बुडाला तिथे पांढरा फेस उसळला आणि नदी बोलू लागली.

त्या दोन शब्दांच्या मागे एक शंभर वर्षांची गोष्ट आहे. हा थ्रेड तिच्याविषयी.

(२)
मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा. "पाणी सुटले" हे शब्द आमच्याकडे लहान मुलालाही कळतात. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापत परभणी जिल्ह्यात उतरतो. त्याला पाणी सुटले, की गावातल्या गप्पांचा विषय बदलतो.

भाषेचा एक बारकावा लक्षात घ्या. नदीला पाणी 'येते'. कालव्याला पाणी 'सुटते'. येणारे पाणी पावसाचे असते, सुटणारे पाणी माणसाच्या निर्णयाचे. मग कोलाडच्या काठावर, एका नदीच्या बाबतीत, तो मुलगा 'सुटणे' हे क्रियापद का वापरत होता? हे पाणी कोण सोडते? आणि ते मुळात कुठले?

(३)
कोकणातल्या नद्यांचा स्वभाव आपण जाणतो. सह्याद्रीच्या कड्यावरून उडी घ्यायची, पावसाळ्यात थैमान घालायचे आणि वैशाखात डबक्यांपुरते उरायचे. कुंडलिकाही त्याच जातीची. भिऱ्याजवळच्या डोंगरात उगम, पुढे कोलाड, रोहा आणि शेवटी रेवदंडा व कोर्लईच्या मधल्या खाडीतून अरबी समुद्र. याच मुखाशी चौल हे प्राचीन बंदर होते. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात याच चौलला उतरला.

स्वतःच्या बळावर ही नदी चैत्र-वैशाखात राफ्ट पेलू शकणार नाही. तरीही ती बारमाही वाहते, कारण तिच्यात दुसऱ्या एका नदीचे पाणी मिसळलेले आहे. त्या नदीचे नाव मुळा.

(४)
आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुळा सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची. निसर्गाने तिला दिलेला रस्ता पुण्याकडचा : मुळा मुठेला भेटते, मुळा-मुठा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. पण मुळशीला तिच्यावर धरण आहे. तिथे अडवलेले पाणी पश्चिमेकडे वळवून मोठ्या नळांतून कड्याखाली, सुमारे पाचशे मीटर खोल, भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. तिथे ते पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरते, वीज तयार होते.

चाक फिरवून झालेल्या पाण्याला आपल्याकडे छान शब्द आहे : अवजल. काम संपलेले पाणी. ते खाली कुंडलिकेत येते. विजेची मागणी वाढते तेव्हा चाके फिरतात, चाके फिरतात तेव्हा पाणी सुटते. म्हणजे कोलाडच्या ज्या लाटेवर आपण ओरडतो, ती डोंगराने घडवलेली कमी आणि मुंबईच्या विजेच्या गरजेने घडवलेली अधिक. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेले पाणी आपल्याला पश्चिमेच्या समुद्राकडे घेऊन जात असते.

(५)
ही कल्पना कोणाची? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून येई, महाग पडे आणि शहरावर धुराचे छत धरी. पश्चिम घाटावर कोसळणारा पाऊस साठवून त्यापासून वीज करावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. ते १९०४ मध्ये वारले. स्वप्न पुढच्या पिढीने पूर्ण केले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. त्यानंतर आंध्र खोऱ्याच्या पाण्यावर भिवपुरी १९२२ मध्ये. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी उभी राहिली.

स्वदेशी भांडवल, स्वदेशी उद्योग, कोळशाच्या धुरापासून सुटका : यातले काहीही खोटे नव्हते. ही गोष्ट 'दुष्ट कंपनी विरुद्ध भोळे गावकरी' इतकी सोपी नाही, हे इथेच नोंदवून ठेवतो.

(६)
इथे मानवतचा धागा जुळतो. मानवत ही कापसाची पेठ. त्या काळी आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, मानवत रोड हे स्थानक तिच्यावरच आहे, आणि मराठवाड्याच्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली.

म्हणजे पाहा : काळ्या मातीतला कापूस एका दिशेने मुंबईला जातो, सह्याद्रीतल्या पाण्याची वीज दुसऱ्या दिशेने मुंबईला जाते, आणि दोघांची गाठ गिरणीच्या चातीवर पडते. मुळशीच्या शेतकऱ्याने मानवत पाहिले नसेल, मानवतच्या शेतकऱ्याने मुळशी ऐकले नसेल. पण एकाच यंत्राने दोघांनाही आपल्या हिशेबात धरले होते.

(७)
धरणाखाली जाणार होते ते मुळशीचे खोरे, म्हणजे मावळ. शिवकाळात ज्यांच्या बळावर स्वराज्य उभे राहिले त्या मावळ्यांचा मुलूख. भातशेती हा जीव. इथला आंबेमोहोर प्रसिद्ध. पन्नासाच्या आसपास गावांवर आणि हजारो माणसांवर धरणाची छाया पडली होती.

कायदा होता १८९४ चा भूसंपादन कायदा. सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' असा शिक्का मारला, की मालकाच्या हाती उरे तो फक्त मोबदल्याचा वाद. 'जमीन द्यायचीच नाही' असे म्हणण्याला त्या कायद्यात फारशी जागाच नव्हती. आज आपण ज्याला पुनर्वसन म्हणतो, तो हक्क तर कोणाच्या कल्पनेतही नव्हता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये. मुळशीनंतर अर्धे शतक उलटल्यावर.

(८)
विरोधाला सुरुवात झाली ती शेतातल्या खड्ड्यांवरून. जमिनीचे संपादन पुरे होण्याआधीच कंपनीने चाचणीचे खणकाम चालवले होते. गावकऱ्यांच्या तक्रारी पुण्याच्या तरुण कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचल्या. विनायकराव भुस्कुटे त्यांतले प्रमुख. त्यांनी खोऱ्यात पायी फिरून गावे जोडली. पुण्यातून न. चिं. केळकर, शि. म. परांजपे यांसारखे नेते पाठीशी आले. घोषणा ठरली : "जान किंवा जमीन."

काळ लक्षात घ्या. टिळक १९२० मध्ये गेलेले. गांधींची असहकार चळवळ ऐन भरात. सत्याग्रह हे हत्यार महाराष्ट्रातल्या अनेक कार्यकर्त्यांच्या हातात नुकतेच आलेले. आणि ते पहिल्यांदा उगारले जात होते ते मुख्यतः एका भारतीय कंपनीच्या कामापुढे.

(९)
१६ एप्रिल १९२१, रामनवमी. शेकडो मावळे धरणाच्या जागी जमले आणि कामाच्या आड बसले. काम थांबले. पुढच्या दिवसांतही हे चालू राहिले. त्याच महिन्यात गांधींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना या दुबळ्या देशबांधवांच्या भावनांचा मान राखण्याचे आवाहन केले. शेवटी कंपनीने काही महिन्यांपुरते काम स्थगित केले. खोऱ्यात आनंद झाला. लोकांना वाटले, जिंकलो.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर ग्रंथ लिहिला आणि त्याला धरणाविरुद्धची जगातली पहिली चळवळ म्हटले. नर्मदेच्या कितीतरी आधी, 'विस्थापन' हा शब्द रूढ होण्याच्याही आधी, मावळातल्या शेतकऱ्याने तो प्रश्न विचारला होता.

(१०)
मग हरले कसे? डिसेंबर १९२१ च्या सुमारास काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहाचा दुसरा टप्पा आला. आता धरपकड होती, शिक्षा होत्या. तुरुंगात जाणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. पण आतून भेग पडलेली होती.

खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांची होती. कसणारा मावळा कूळ किंवा कर्जदार. सावकाराच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम. मोबदल्याचा आकडा पटला की त्याचा प्रश्न सुटला. कसणाऱ्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे पुढच्या वर्षीचे भात. तो प्रश्न कोणत्याही आकड्याने सुटत नव्हता. एकाच चळवळीत 'जमीन देणार नाही' म्हणणारे आणि 'रास्त किंमत द्या' म्हणणारे एकत्र होते. किंमत वाढली तसे दुसरे बाजूला झाले. मार्च १९२२ मध्ये गांधी तुरुंगात गेले, देशभरचा जोर ओसरला, आणि खोरे एकटे पडत गेले.

(११)
एकटा उरलेला माणूस म्हणजे पांडुरंग महादेव बापट. जन्म १८८० चा, पारनेरचा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला शिकायला गेलेला, पॅरिसमध्ये बाँबची विद्या मिळवून परतलेला क्रांतिकारक. मुळशीत त्याने सत्याग्रहींचे नेतृत्व केले आणि तिथेच त्याला 'सेनापती' हे नाव मिळाले. आज पुण्यात व मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. त्यांवरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही सेना बुडणाऱ्या गावांची होती?

वारंवार तुरुंगवास भोगूनही काम थांबत नाही, हे पाहिल्यावर १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह बांधकामावर जाणारी रेल्वेगाडी अडवली, तीही शस्त्रे बाळगून. पळून न जाता ते पोलिसांच्या हवाली झाले. सात वर्षांची शिक्षा झाली. हा सत्याग्रह होता का? गांधींच्या कसोटीवर नव्हता. पण लढ्यातली ती शेवटची मोठी कृती ठरली.

(१२)
१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. वर खोऱ्यात पाणी भरले, खाली कुंडलिकेत अवजल येऊ लागले. घाटमाथ्यावरची एक वाहती नदी तलाव झाली आणि कोकणातली एक हंगामी नदी बारमाही. दोन्ही घटना एकाच झडपेच्या दोन बाजू.

राफ्टिंग यायला त्यानंतर कित्येक दशके जायची होती. ते आले तेव्हा खालच्या पिढीला ही नदी अशीच दिसत होती, जणू ती अनादी काळापासून अशीच वाहत असावी. यंत्राची सवय झाली की ते निसर्ग वाटू लागते.

(१३)
आता थोडे जगाकडे पाहू, कारण राफ्टिंगचा इतिहास आणि धरणांचा इतिहास यांची गाठ फक्त कोलाडला पडलेली नाही.

२४ मे १८६९ रोजी अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल हा एक हात गमावलेला माजी सैनिक नऊ माणसे आणि चार होड्या घेऊन ग्रीन नदीत उतरला. तिथून कोलोरॅडो आणि अज्ञात ग्रँड कॅन्यन. होडी फुटली, रसद भिजली, माणसे सोडून गेली. ३० ऑगस्टला मोहीम संपली तेव्हा सहा जण उरले होते. खळाळत्या पाण्यावरच्या मोहिमांचा आधुनिक इतिहास बहुतेक जण इथून मोजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने वापरून काढलेल्या रबरी तराफ्यांमुळे असे प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

(१४)
आणि त्याच सुमारास धरणे आली. ग्रीन नदीवरच्या इको पार्क येथे धरण बांधायचे घाटत होते. विरोधकांनी एक साधी युक्ती केली : लोकांना तराफ्यात बसवून ती दरी दाखवली. पाहून आलेला माणूस घरी जाऊन पत्रे लिहू लागला. १९५६ मध्ये ते धरण योजनेतून वगळले गेले.

पण त्याच व्यवहारात ग्लेन कॅन्यनचे धरण मान्य झाले. ती दरी फार थोड्यांनी पाहिली होती, म्हणून तिच्यासाठी बोलणारेही थोडे होते. १९६३ पासून तिथे पाणी साठू लागले. त्या तलावाला नाव दिले लेक पॉवेल. ज्याने वाहती नदी जगाला दाखवली, त्याचे नाव थांबलेल्या पाण्याला! तेव्हापासून ग्रँड कॅन्यनमधल्या राफ्टिंगची लाटही वरच्या वीजगृहाच्या वेळापत्रकाने चढते-उतरते. अगदी कोलाडसारखी.

(१५)
तिसरे उदाहरण टास्मानियाचे. १९७६ मध्ये बॉब ब्राउन नावाचा तरुण डॉक्टर एका मित्रासह रबरी तराफ्यांतून फ्रँकलिन नदी उतरला. ती नदी धरणाखाली जाणार, हे त्याला प्रवासात उमगले. परतल्यावर त्याने चळवळ उभी केली. १९८२ च्या डिसेंबरात कामाच्या जागी शांततामय अडवणूक सुरू झाली, हजारांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली, आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवणारा निकाल दिला. फ्रँकलिन आजही मोकळी वाहते.

(१६)
तुलना करून पाहा. इको पार्क आणि फ्रँकलिन येथे आधी नदीतला प्रवास झाला, त्यातून साक्षीदार निर्माण झाले, आणि साक्षीदारांनी नदी वाचवायला हातभार लावला. आपल्याकडे क्रम उलटा. आधी धरण, मग लाट, मग प्रवास. आपला प्रवास धरणाच्या पोटी जन्मला, म्हणून तो साक्ष देत नाही; तो विसरायला लावतो.

आणखी एक फरक. फ्रँकलिनचे खोरे जवळपास निर्मनुष्य होते. तिथे वाचवायचे होते ते अरण्य. मुळशीत वाचवायची होती ती घरे, शेते, देवळे, स्मशाने. तिथल्या माणसांना आपली नदी 'दाखवायला' कोणाची गरज नव्हती, ती रोज तिच्या काठी राहत होती. तरी ती हरली. १९२१ मध्ये कसणाऱ्याच्या साक्षीला कायद्यात किंमत नव्हती.

(१७)
कोणी म्हणेल, मग वीज नको होती का? मी विजेच्या दिव्याखाली बसून हे लिहितो आहे. असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आणि मानवतकराला तर मुळीच नाही. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. त्या नाथसागराखाली गोदाकाठची गावे गेली. सेलूजवळच्या निम्न दुधना प्रकल्पाखालीही माणसांच्या जमिनी गेल्या. आमच्या शिवारातला ओलावा कुणाच्या तरी उंबरठ्यावरून वाहत आलेला आहे.

शाळेत आम्हांला जायकवाडीची साठवणक्षमता पाठ होती. बुडालेल्या एका गावाचे नाव विचारले असते, तर वर्ग गप्प बसला असता. मी मुळशीची गोष्ट वाचू लागलो ती या लाजेतून.

आणि ही गोष्ट संपलेलीही नाही. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला, की 'पश्चिमेला वळवलेले पाणी पुन्हा पूर्वेला सोडा' ही मागणी नव्याने उठते. ते पूर्वेला वळले, तर दुष्काळी शिवारांना घोटभर अधिक मिळेल. कुंडलिकेची लाट ओसरेल, आणि तो मार्गदर्शक मुलगा, त्याच्यासारखे कितीतरी, दुसरे काम शोधतील. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कोणाचे गाव बुडवले नव्हते. इतिहासाचे देणे बहुधा असेच चुकीच्या दारात येऊन उभे राहते.

(१८)
तेव्हा कोलाडला जाऊ नका, असे मी म्हणत नाही. जरूर जा. राफ्टमध्ये बसा, पहिल्या लाटेवर ओरडा, भिजा. फक्त पाणी सुटण्याची वाट पाहत काठावर बसाल, तेव्हा ती रिकामी वेळ वाया घालवू नका. मान वर करून सह्याद्रीच्या कड्याकडे पाहा. त्याच्या पलीकडे एक खोरे आहे. तिथे रामनवमीच्या दिवशी माणसे जमिनीवर बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

आणि तुमच्या गावाला ज्या धरणाचे पाणी येते, त्याखाली बुडालेल्या एका तरी गावाचे नाव शोधून काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अनेकदा ते नाव कोणाच्या तरी माहेरचे निघते. सापडले तर खाली लिहा. मीही शोधतो आहे. निदान नावे तरी पाण्यावर राहू देत.